दंड आणि दोष

पावसाळा सरता सरता एका रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर तो सहज म्हणाला, "पपा, गेल्या महिन्यात तुम्ही गाडी घेऊन अंधेरीला गेला होतात का?" गेलो होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. "मग बरोबर," तो म्हणाला, "चलान आले होते. पाचशे रुपये. मी भरून टाकलेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

गाडी त्याच्या नावावर आहे. पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून ती आमच्या अंगणात उभी असते. चर्चला, बाजाराला आणि क्वचित मुंबईला मी ती चालवतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या चुकीची सूचना चालवणाऱ्याला जात नाही. ज्याच्या नावावर वाहन, त्याच्या मोबाइलवर जाते. म्हणून चूक माझी आणि दंड त्याचा, असे झाले. चूक तरी केवढी? सिग्नल लाल होताच मी थांबलो होतो. मात्र पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबण्याऐवजी पलीकडे. पुढची चाके झेब्रा पट्ट्यांवर चढली होती.

खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला रागच आला. माणसाच्या मनात एक वकील कायम बसलेला असतो आणि फी न घेता तो धन्याची बाजू मांडतो. माझ्या वकिलाने तत्काळ तीन मुद्दे मांडले. एक, सगळेच असे थांबतात. रेघेमागे थांबणाऱ्याच्या पाठीमागे हॉर्न वाजू लागतात. दोन, अंतर जेमतेम पाच-सहा फुटांचे होते. तीन, आणि हा त्याचा हुकमी मुद्दा, कुणाचे काही बिघडले नाही. शेवटी तो म्हणाला, शिवाय दंड भरून झालेला आहे, प्रकरण मिटले.

प्रकरण मिटले असेल, तर मनात काहीतरी अडकून का राहिले? या प्रश्नाने मला पुढे कित्येक दिवस सोडले नाही. वाचकहो, पाचशे रुपयांच्या चलानावर एवढा विचार करणे हे निवृत्त मास्तराचे रिकामपण आहे, असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. पण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही आणि नवाही नाही.

काही कृत्ये मुळातच वाईट असतात आणि काही केवळ मनाई केली म्हणून वाईट ठरतात, हा भेद फार जुना आहे. खून, चोरी, खोटी साक्ष यांना वाईट ठरवायला सरकारी राजपत्र लागत नाही. याउलट पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबावे की पलीकडे, हे कुणीतरी ठरवल्याशिवाय त्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. मग असा नियम मोडणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर खरोखर काही ओझे येते काय?

आपल्या धर्मपंडितांनी या प्रश्नाचा बराच ऊहापोह केला आहे. तेराव्या शतकात डॉमिनिकन संघाने आपल्या नियमावलीविषयी असे ठरवले, की ती मोडणाऱ्यावर पाप येत नाही, फक्त शिक्षा येते. मठातल्या बारीकसारीक नियमांमुळे भिक्षूंची मने पापभयाने कुरतडली जाऊ नयेत, हा त्यामागचा दयाळू हेतू होता. सोळाव्या शतकापासून काही पंडितांनी हीच कल्पना राज्याच्या कायद्यांना लावली. १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात येशूसंघी विद्वान फ्रान्सिस्को सुआरेझ यांनीही तिचे समर्थन केले. काही कायदे 'निव्वळ दंडाचे' असतात. ते पाळा, नाहीतर पकडले गेल्यावर दंड भरा. दोहोंपैकी एक केले की कर्तव्य संपले. पुढे जकात आणि वाहतुकीचे नियम ही या मताची नेहमीची उदाहरणे होऊन बसली.

माझ्या मनातल्या वकिलाला याहून सोयीचे काय हवे होते? पण या मतात एक खोट आहे. ते दंडाला किंमत करून टाकते. पट्ट्यांवर उभे राहण्याचे भाडे पाचशे रुपये. परवडत असेल तर खुशाल उभे राहा! इस्राएलमधील हैफा शहरातल्या काही पाळणाघरांत झालेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. त्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड बसवला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पूर्वी शिक्षिकेला ताटकळत ठेवताना पालकांना संकोच वाटे. आता ते पैसे मोजत होते, मग संकोच कशाचा? पुढे दंड बंद केला, तरी गेलेला संकोच परत आला नाही. दोषाची जागा एकदा किंमतीने घेतली, की ती सहजासहजी रिकामी होत नाही, हा त्याचा धडा.

माझ्या बाबतीत तर किंमतही मी मोजली नव्हती, मुलाने मोजली होती. याच विचारापाशी मी अडखळलो. दंड एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात सरकवता येतो. बाप मुलाचा दंड भरतो, मालक ड्रायव्हरचा भरतो, मुलगा बापाचा भरतो. सरकारी हिशेबात काही फरक पडत नाही. पण दोष असा सरकवता येत नाही. मी पट्ट्यांवर उभा होतो, हे माझ्याऐवजी मुलगा उभा राहिला असता तरी पुसले जाणार नव्हते. दंड आणि दोष एकच असते, तर दंडाबरोबर दोषही पुण्याला गेला असता. तो गेला नाही. आमच्या अंगणातच राहिला.

मग हा दोष नेमका कोणता? संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी कायद्याची जी व्याख्या केली, तिच्यात चार गोष्टी येतात: कायदा बुद्धीला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने तो करावा आणि तो जाहीर झालेला असावा. मानवी कायदे नैसर्गिक नीतीतून कसे निघतात हे सांगताना ते घराचा दाखला देतात. घर असावे एवढे कारागिराला ठाऊक असते. पण दार पूर्वेला की पश्चिमेला, हे त्याला ठरवावे लागते. एकदा ठरून घर उभे राहिले, की दार जिथे आहे तिथूनच आत जावे लागते.

रस्त्याचेही तसेच आहे. आपण डावीकडून जातो, फ्रान्समध्ये लोक उजवीकडून जातात. दोन्ही सारखेच योग्य. स्वीडनने तर ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे सारा देश डावीकडून उजवीकडे नेला. आदल्या दिवशी जो शिस्तीचा चालक होता, तो दुसऱ्या दिवशी त्याच बाजूने गेला असता तर जीवघेणा ठरला असता. बाजू मनमानीची आहे. पण समोरचा माणूस त्या बाजूवर जो विश्वास टाकतो, तो मनमानीचा नाही. पांढरी रेघ म्हणजे अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. रंग सरकारचा असला, तरी शब्द आपला असतो.

इथवर विचार आला, तेव्हा मी मुलाला ते चलान पाठवायला सांगितले. त्यासोबत कॅमेऱ्याने काढलेले छायाचित्र होते. गाडीचा क्रमांक स्पष्ट, चाकांखाली पांढरे पट्टे स्पष्ट. आणि चित्राच्या कडेला, माझ्या बॉनेटच्या पुढे, डोक्यावर टोपली घेतलेली एक वयस्क बाई होती. तिची वाट माझ्या गाडीने अडवली होती. पट्टे सोडून ती वळसा घालून भर रस्त्यात उतरली होती आणि तिच्या पलीकडे वळणाऱ्या एका बसचे तोंड दिसत होते.

मला ती बाई आठवत नव्हती. सिग्नलला मी निदान मिनिटभर उभा असेन, ती माझ्या काचेसमोरून चार हातांवरून गेली असेल. पण मी तिला पाहिलेच नव्हते. कॅमेऱ्याला तिच्याशी काही कर्तव्य नव्हते, त्याला फक्त माझा क्रमांक हवा होता. तरीही तिला त्याने पाहिले, मी पाहिले नाही.

"कुणाचे काही बिघडले नाही," हा माझ्या वकिलाचा हुकमी मुद्दा त्या छायाचित्रापुढे गप्प झाला. बिघडले नाही हे खरे. पण त्याचे श्रेय माझे नव्हते. बसचालकाने ब्रेक वेळेवर दाबला असेल, किंवा बाईचे पाऊल चपळ असेल. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक दैव' या प्रश्नाची चर्चा केली, तेव्हा रस्त्यावरच्या वाहनचालकाचेच उदाहरण घेतले. दोन चालक सारखेच बेसावध असतात. एकाच्या वाटेत मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. पहिला जन्मभर जळतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांच्या वागण्यात फरक काहीच नव्हता. फरक दैवाचा होता. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो होतो, एवढेच माझे निर्दोषत्व.

हे दैव सर्वांवर सारखे प्रसन्न नसते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला, त्याच्या तिसाव्या परिच्छेदात आरोग्याचे आणि वाहनांच्या वेगाचे नियम क्षुल्लक मानणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा बेपर्वाईने आपण स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालतो, याचे त्यांना भान नसते, असे परिषद म्हणते. 'निव्वळ दंडाचा कायदा' या जुन्या सवलतीला निदान रस्त्यावर तरी तिथे जागा उरलेली नाही.

याचा अर्थ प्रत्येक चलान न्याय्य असते, असा नव्हे. कायदा जाहीर झालेला असावा, ही अ‍ॅक्वायनस यांची अट इथेही लागू आहे; जी रेघ पुसून गेली आहे आणि कुणी पुन्हा रंगवलेली नाही, तो न जाहीर झालेला कायदाच होय. खड्ड्यांबद्दल स्वतःला कधी दंड न करणाऱ्या यंत्रणेने नागरिकाला शिस्त शिकवावी, याचा संताप समजण्यासारखा आहे. अत्यवस्थ रोग्याला घेऊन निघालेल्या माणसाने मोकळ्या रस्त्यावर जपून रेघ ओलांडली, तर तो कायद्याच्या हेतूविरुद्ध वागत नाही. शिवाय दंडाचे वजन सर्वांना सारखे नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७७व्या कलमात पहिल्या चुकीला शंभर रुपयांपर्यंत दंड होता, तो २०१९ च्या दुरुस्तीने पाचशेपर्यंत गेला. मला ते पाचशे म्हणजे एका वेळचे हॉटेलातले जेवण. भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याला कदाचित अख्ख्या दिवसाची कमाई. फिनलंडमध्ये १९२१ पासून मिळकतीच्या प्रमाणात दंड आकारण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही कुणी तिचा विचार करावा असे वाटते.

पण यांतली एकही सबब माझी नव्हती. रेघ ताजी रंगवलेली होती. गाडीत रोगी नव्हता. डॉक्टरांची वेळ टळायला अजून अर्धा तास होता. दंड जड नव्हता, आणि तोही मी भरला नव्हता.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध धर्मगुरूंना मी हे सारे सांगितले. शेवटी अर्धवट थट्टेने विचारले, "फादर, हे पापनिवेदनात सांगायचे का?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, चलानाचे राहू द्या. त्या बाईचे सांगा."

तेवढ्या एका वाक्यात माझ्या महिनाभराच्या विचाराचा निकाल लागला. दंड रेघेसाठी होता, दोष त्या बाईबाबतचा होता. रेघ ओलांडल्याची शिक्षा सरकार देऊ शकते; माणसाला न पाहिल्याची शिक्षा देणारे कलम कोणत्याही कायद्यात नाही. ते कलम आपले आपल्यालाच लावून घ्यावे लागते.

मुलाला मी पाचशे रुपये पाठवले. त्याने फोन करून नको नको म्हटले. मी ऐकले नाही. "हे पैसे तुझे देणे म्हणून नाहीत, माझे आहेत म्हणून देतो," असे काहीसे मी बोललो. त्याला ते कितपत पटले, कोण जाणे! त्या बाईला मात्र मी काही देऊ शकत नाही. ती कुठली, कुठे निघाली होती, टोपलीत काय होते, मला ठाऊक नाही. मी तिला ओळखणार नाही आणि ती मला ओळखणार नाही. तिचे देणे मला तिच्यासारख्या इतरांनाच फेडावे लागेल.

परवा डोळ्यांच्या तपासणीसाठी पुन्हा त्याच चौकातून गेलो. सिग्नल पिवळा होताच वेग कमी केला आणि रेघेच्या हातभर अलीकडे थांबलो. अपेक्षेप्रमाणे मागून हॉर्न वाजला, मग दुसरा वाजला. समोरून शाळेची दोन मुले, एक म्हातारा आणि भाजीची पिशवी घेतलेली एक बाई पट्ट्यांवरून निघून गेली. त्यांतल्या कुणीही माझ्याकडे पाहिले नाही. पाहण्याचे कारणही नव्हते. या खेपेस मी मात्र त्यांना पाहिले.