एकच रेघ

बसा.

हैदराबादच्या कोठीत बसायला जागा मिळत नाही, हे ठाऊक आहे. सुलतान बाजारात साड्यांच्या दुकानांपुढे माणसांची दाटी आहे. कंडक्टर ओरडतो आहे. फेरीवाला दखनीत भाव सांगतो आहे, गिऱ्हाईक ‘नक्को’ म्हणून पुढे सरकतं आहे. तरी एखाद्या बंद दुकानाची पायरी शोधा, आणि मनानं तिथं बसा.

आवाज असू द्या. त्यांना गप्प करायचं नाही.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता हातात एक तबकडी घ्या. तीही मनानंच. जुनी, काळी, दहा इंचांची. फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगाखालून ती निघाली आहे असं समजा. विकणाऱ्याला तिच्यात रस नाही. तुम्हाला आहे.

कडेनं धरा. काळ्या भागाला बोट लागू देऊ नका. जुने शौकीन तिला भाजलेल्या पापडासारखी धरतात, कारण ती तशीच मोडते.

तिचं वजन जाणवू द्या.

ती लाखेची आहे. पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात आणि ही लाख तयार करतात. तिच्यात दगडाची वस्त्रगाळ पूड आहे. थोडी काजळी आहे. तळहातावर झाड आहे, किडा आहे, दगड आहे. अजून गाणं आलेलं नाही.

घाई नाही.

तबकडी जरा तिरपी करा. उजेड तिच्यावरून घरंगळू द्या. रेघाच रेघा दिसतात, एकीला एक लागून.

नीट पाहा.

रेघ एकच आहे. बाहेरच्या कडेला सुरू होते आणि फिरत फिरत आत जाते. कुठं तुटत नाही, कुठं दुसरीला भेटत नाही. एका बाजूचं सगळं गाणं या एका रेघेत आहे.

तिच्यावर नजर ठेवा. तिच्यासोबत एक फेरा करा. मग आणखी एक. नजर निसटली तर निसटू द्या. पुन्हा कडेला या.

श्वास आत. श्वास बाहेर.

रेघ संपते तिथं, कागदी लेबलाच्या अलीकडे, एक गुळगुळीत पट्टी आहे. तिच्यावर बारीक आकडे कोरलेले आहेत. या नादाला लागलेली माणसं गायकाच्या नावाआधी हे आकडे वाचतात. मला आधी ते खूळ वाटायचं. आता वाटत नाही. लेबल चुकीचं चिकटू शकतं; आकडा तबकडीतच असतो.

आता ती ग्रामोफोनवर ठेवा. चावी भरा. सुई नवी लावा. पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते.

सुई टेकवा.

आधी खरखर येते.

तिला हाकलू नका. दगडाच्या पुडीवरून पोलाद चालतं आहे, त्याचा हा आवाज आहे. ऐका. खरखर सगळीकडे सारखी नाही. मधेच एक टिचकी येते, पुढच्या फेऱ्यात त्याच जागी पुन्हा येते. तिथं ओरखडा आहे. कधीतरी कुणाच्या तरी हातून तो पडला आहे.

ऐकत राहा. थोड्या वेळानं खरखर मागं सरते. तिच्या पुढ्यात आवाज उभा राहतो.

1925च्या आधीची तबकडी असेल तर गाणं भरलं त्या खोलीत मायक्रोफोन नाही. एक भोंगा आहे. गाणारी बाई भोंग्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गाते आहे. भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला एक सुई थरथरते आहे आणि मेणावर रेघ ओढते आहे. मधे वीज नाही. तिच्या छातीतली हवा, आणि मेण.

ती हवा ऐका.

1902च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहरजान अशीच गायल्या. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग समोर होते. गाणं संपताच गौहरजाननी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला घडायच्या. तिथल्या कारागिरांना कोण गातं आहे हे कळणार कसं? म्हणून नाव. पुढं 1908मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघाला.

कारण एवढं साधं आहे. तरी त्या नावापाशी थांबा. तान संपते, आणि त्याच श्वासात माणूस सांगतो, मी कोण ते.

तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते. एका बाजूला तीनेक मिनिटं मिळतात. रात्रभर पुरणारा राग तीन मिनिटांत बसवायचा आहे. काहींना ते जमलं नाही. काहींनी त्या तीन मिनिटांत असं काही करून ठेवलं की मोठ्या मैफिलीची उणीव भासू नये.

गाणं सुरू आहे. तुम्ही फक्त इथं असा.

एक गोष्ट मात्र ऐकता ऐकताच जाणवू द्या. सुई रेघेतून जाते तेव्हा रेघ थोडी झिजते. दर वेळी थोडी. तुम्ही ऐकता आहात, आणि ऐकण्यातच ती संपते आहे.

घाबरू नका. झिजू द्या. जी तबकडी विकत घेऊन कपाटात ठेवली आणि कधीच लावली नाही, ती त्या माणसाकडे आहे असं मी मानत नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

इथून बशीरबाग फार लांब नाही. तिथल्या राजवाड्यात 1968 साली बडे गुलाम अली खाँ गेले. देह याच शहरात आहे. आवाज मात्र अजून फिरतो आहे.

आणि अल्लादिया खाँ? जयपूर घराण्याचे आद्य गवई, कोल्हापूरच्या दरबारातले. 1946 साली ते गेले. त्यांचं गाणं एकाही तबकडीवर नाही. भास्करबुवा बखल्यांचंही नाही.

तिथं कान लावा. काही येत नाही. खरखरसुद्धा नाही.

त्या नसण्यापाशी थोडा वेळ बसा. शौकिनाच्या शोधाला याच्याइतकं खोल टोक दुसरं नाही.

मग अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्येकडे वळा. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. 1977 साली अमेरिकेत अंतराळयानांवर पाठवायच्या तबकडीसाठी पृथ्वीवरची गाणी निवडली जात होती. केसरबाईंची भैरवी हवी होती, पण ती बाजारात मिळत नव्हती. अ‍ॅन ड्रुयान यांनी न्यूयॉर्कची दुकानं पालथी घातली. शेवटी लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं विजेच्या वस्तूंचं दुकान सापडलं. टेबलाखाली धुळीनं माखलेलं खोकं. आत तीन प्रती, न उघडलेल्या.

ते खोकं पाहा. ती धूळ पाहा.

डोळे वर करा. समोर गुजराती गल्ली आहे. विजेच्या वस्तूंची दुकानं इथंही ओळीनं आहेत. टेबलं आहेत, टेबलांखाली खोकी आहेत.

5 सप्टेंबर 1977 रोजी ती भैरवी घेऊन व्हॉयेजर-1 यान निघालं. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. यान 2012 साली सूर्याच्या वाऱ्यांच्या हद्दीबाहेर पडलं. त्याच्यावरची तबकडी लाखेची नाही, तांब्याची आहे, वर सोन्याचा मुलामा. तिथं कुणी ती लावत नाही, म्हणून झिजत नाही.

तुमच्या हातातली झिजते.

गाणं संपलं आहे. सुई आतल्या पट्टीवर फिरते आहे. उचला.

पायरीवर अजून थोडं बसा. आता बाजार ऐका. कंडक्टरचा आवाज कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो, तेवढंच ऐका. बांगड्यांच्या दुकानातली किणकिण वेगळी काढा. तिच्यामागचा हॉर्न वेगळा काढा.

मग उठा आणि घरी जा.

घरी माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशा तबकड्या असतील तर एकीवर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. पुसताना स्पिरिट लावू नका. लाख त्यात विरघळते. मऊ फडकं किंचित ओलं करा, रेघेच्या दिशेनं फिरवा, सावलीत वाळू द्या. एलपीची सुई यांना चालत नाही, ती या रेघेला बारीक पडते. आणि भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी या नादातला कुणीतरी गाठा आणि त्या एकदा लावून बघा.