हौसेचें मोल

“हौसेला मोल नाहीं” अशी आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे. मनुष्य हौसेखातर पदरचे पैसे खर्च करतो आणि त्याचा हिशेब मांडीत बसत नाहीं, असा तिचा अर्थ. परंतु अलीकडे बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून ही म्हण उलटूं लागली आहे. ज्या तरुणानें केवळ हौस म्हणून मोबाइलवर व्हिडिओ काढण्यास आरंभ केला, त्याच्या हौसेला आतां खरोखरच मोल येऊं लागलें आहे, आणि तें थेट त्याच्या बँकेच्या खात्यांत जमा होतें. घरांतील वडील माणसें हें पाहून गोंधळतात. एका वृद्ध गृहस्थांनीं प्रस्तुत लेखकास विचारलें, “पोरानं ना नांगर धरला, ना कोयता. मग हा पैका घामाचा म्हणायचा का कशाचा?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, म्हणून त्याचा थोडा विचार करूं.

प्रथम हा पैसा येतो कोठून, हें समजून घेतलें पाहिजे; कारण ज्याचा उगम ठाऊक नाहीं, त्याच्या शुद्धाशुद्धतेविषयीं बोलणें व्यर्थ होय. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजीं चढविण्यांत आला. तो अवघा १९ सेकंदांचा आहे. प्राणिसंग्रहालयांतील हत्तींपुढें उभा राहून एक तरुण चार शब्द बोलतो, एवढेंच त्यांत आहे. तो तरुण यूट्यूबच्या संस्थापकांपैकींच एक होता. पण त्या चार शब्दांबद्दल त्याला कोणीं वेतन दिलें नाहीं. पुढें २००७ सालापासून जाहिरातींच्या उत्पन्नाचा वांटा व्हिडिओ करणारांस देण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे साबण किंवा मोटारी विकणारा व्यापारी जाहिरातीचे पैसे देतो, आणि ज्याच्या व्हिडिओबरोबर ती जाहिरात दिसते, त्याला त्यांतील भाग मिळतो. लांब व्हिडिओंच्या बाबतींत हा भाग शेंकडा ५५ आहे.

परंतु तो पदरांत पडण्यापूर्वीं निदान १,००० सबस्क्राइबर असावे लागतात, आणि मागील १२ महिन्यांत लोकांनीं ते व्हिडिओ ४,००० तास पाहिलेले असावे लागतात. नाहींतर लहान व्हिडिओ ९० दिवसांत १ कोटी वेळां पाहिले गेले पाहिजेत. १० डॉलरांची कमाई झाली म्हणजे पत्ता पडताळण्यासाठीं टपालानें पत्र येतें, व त्यांतील आंकडे भरून कळवावे लागतात. १०० डॉलर सांचेपर्यंत तर खात्यांत एक पैही येत नाहीं. शिवाय हें शेत आपल्या मालकीचें नव्हे. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हां ज्यांनीं तेथें लाखों चाहते मिळविले होते, त्यांचा सारा पसारा एकाएकीं नाहींसा झाला. तेव्हां “बसल्या जागीं पैसा” ही समजूत खोटी आहे. यांत श्रम आहेत, धीर आहे, आणि पुष्कळांच्या वांट्यास केवळ निराशाच आहे.

आतां एक चांगलें उदाहरण पाहूं. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांत सारोळा कासार नांवाचें गांव आहे. तेथील सुमनबाई धामणे या आजीबाईंनीं आपला नातू यश पाठक याच्या साहाय्यानें २०२० सालीं “आपली आजी” या नांवानें स्वयंपाकाचे व्हिडिओ सुरू केले. सत्तरीच्या घरांतील बाई; मोबाइलपुढें बोलण्याची संवय नव्हती, आणि नव्या पदार्थांचीं इंग्रजी नांवें जिभेवर बसत नव्हतीं. तीं त्यांनीं नातवाकडून शिकून घेतलीं. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कोणा चोरट्यानें तें चॅनेलच बळकाविलें. तें कांहीं दिवसांनीं परत मिळालें. लाखों लोकांनीं त्यांचे पदार्थ पाहिले, आणि घराला कमाईही झाली. या कमाईला कोण नांवें ठेवील? त्यांनीं विकायला काढलें तें त्यांचें स्वतःचें होतें. आयुष्यभर चुलीपुढें बसून मिळविलेलें हातांतील ज्ञान होतें. शिकवणाऱ्याला त्याचें वेतन मिळालें, इतकेंच त्यांत घडलें.

कोणी म्हणेल कीं, आवडीच्या कामाबद्दल पैसे घेतले म्हणजे तें काम हलकें होतें. परंतु आपले गोंधळी व वासुदेव दारोदार गाऊन धान्य घेत आले, शाहिरास बिदागी मिळत आली. त्यामुळें त्यांचें गाणें हलकें ठरलें नाहीं. उलट, ज्या कलेला कोणीं कवडी दिली नाहीं, तीही मोठी असूं शकते. आपल्याच जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांत १९९६ सालीं स्त्रियांनीं गाइलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यांत आल्या; त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयींच्या ओव्याही आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं आरंभिलेल्या त्या कामांत महाराष्ट्रांतील एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या बायका पहाटे दळतांना गात होत्या, तेव्हां ऐकणारा बहुधा पाळण्यांतील मूलच असे. पैसे मिळाल्यानें गाणें खोटें होत नाहीं, आणि न मिळाल्यानें तें खरें ठरत नाहीं. मग खऱ्याखोट्याची कसोटी कोणती?

ती कसोटी शोधण्यास आपणांस दूर जावें लागत नाहीं. ती आपल्या जिल्ह्याच्या रोजच्या अनुभवांतच आहे. दिवाळीच्या सुमारास येथील हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवरा-बायको मिळून एक “कोयता” धरला जातो. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून “उचल” घेतली जाते, आणि मग हंगामभर ती फेडावी लागते. ऊस टनावर मोजला जातो, पण कांटा दुसऱ्याच्या हातीं असतो. एक दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. अंगांत ताप असला तरी फडांत उतरावें लागतें. काम तेंच, कोयता तोच. परंतु कामानंतर मिळालेली मजुरी आणि कामाआधीं घेतलेली उचल यांत केवढें अंतर आहे, हें बीडच्या माणसास कोणीं शिकवावयास नको. मजुरी घेणारा संध्याकाळीं मोकळा होतो. उचल घेणारा सकाळींच बांधला जातो.

हौसेनें व्हिडिओ करणारा मनुष्य प्रथम या बाबतींत राजा असतो. त्यानें कोणाची उचल घेतलेली नसते. मनांत आलें तर तो व्हिडिओ करील, न आलें तर न करील. कमी लोकांनीं पाहिला म्हणून त्याच्या घरची चूल विझत नाहीं. हें स्वातंत्र्यच त्याच्या हौसेचें खरें धन होय. तें तो कसा गमावतो, याची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे.

बालाघाटच्या डोंगरकपारींतील एका खेड्यांत ऊसतोडीस जाणाऱ्या आईबापांचा एक मुलगा आहे. तो आपल्या भागाचे व्हिडिओ करी. सीताफळ झाडावर केव्हां उतरवावें, बाप कोयत्याला धार कशी लावतो, पहिल्या पावसांत ओढा कसा वाहतो, असे ते विषय असत. दीड वर्षानंतर त्याच्या खात्यांत पहिले पैसे आले. घरांत आनंद झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्या दोन महिन्यांच्या कमाईच्या जोरावर त्यानें हप्त्यांनीं भारी किंमतीचा मोबाइल व इतर सामान घेतलें. पुढें पाहणारे कमी झाले. हप्ते मात्र कमी झाले नाहींत. सीताफळ व ओढा यांवर हप्ता फिटेना. तेव्हां लोक काय पाहतील, हा एकच विचार त्याच्या मनांत घर करून बसला.

त्या हिंवाळ्यांत तो आईबापांस भेटावयास ऊसतोडीच्या तळावर गेला. तेथें त्याच्याच गांवची एक बाई पाचटाच्या खोपीपुढें बसून रडत होती. तिचें मूल तापानें फणफणलें होतें. त्यानें तिचें रडणें व मुलाचें तोंड जवळून टिपलें, वर करुण संगीत घातलें आणि व्हिडिओ चढविला. लाखों लोकांनीं तो पाहिला, आणि त्याचे हप्ते फिटूं लागले. पुढें फडांतच कोणाच्या तरी मोबाइलवर तिनें स्वतःला पाहिलें. हंगाम संपवून गांवीं परतल्यावर ती त्याच्या दारांत येऊन उभी राहिली.

“काय रं लेकरा, आमी काय जत्रंतला खेळ हाव का?”

तो म्हणाला, “मावशे, तुमचं दुःख दुनियेला कळावं म्हणून दावलं.”

“दुनियेला कळलं, अन् पैसे तुला मिळाले. माझ्या लेकराला काय मिळालं? अन् मला आधी इचारलं का व्हतंस?”

यावर त्याच्याजवळ उत्तर नव्हतें.

वाचकहो, या तरुणाच्या हातून झालेला प्रमाद कोठें झाला? पैसे घेतले तेथें नव्हे. दुःख दाखविलें तेथेंही नव्हे. कारण जें दुःख झांकून ठेवलें जातें, तें दूर होत नाहीं, आणि ऊसतोड मजुरांची स्थिति लोकांसमोर आणणें हें पुण्याचें काम आहे. चूक आधींच झाली होती, ज्या दिवशीं त्यानें आपल्या हौसेवर उचल घेतली त्या दिवशीं. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर एक न दिसणारा मुकादम बसला. त्या मुकादमानें त्याला स्वतःच्या मालकीचें संपल्यावर दुसऱ्याचें विकावयास लाविलें. सारोळ्याच्या आजींनीं आपल्या हातचें विकलें. यानें शेजारणीचे अश्रु विकले. दोघांचा पैसा एकाच मार्गानें आला, परंतु तो एकाच जातीचा नव्हता.

हाच मुकादम मनुष्याकडून खोटी साक्षही देववितो. प्रेक्षक वाढले म्हणजे औषधें, बियाणें, सट्ट्याचे खेळ विकणारे लोक पैसे घेऊन दारीं येतात आणि म्हणतात, “आमच्या मालाची दोन शब्दांनीं स्तुति करा.” केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सूचनांप्रमाणें, मोबदला किंवा भेटवस्तू घेऊन स्तुति करणारानें तें स्पष्ट व सोप्या भाषेंत सांगितलेंच पाहिजे. पण ज्याची सदसद्विवेकबुद्धि जागी आहे, त्याला हें कायद्यानें सांगावें लागूं नये. खेड्यांतील शेतकरी त्या तरुणाचा शब्द जाहिरात म्हणून ऐकत नाहीं. आपल्या गांवच्या पोराचा शब्द म्हणून ऐकतो, आणि त्यावर विसंबून कपाशीवर औषध फवारतो. तो शब्द गुपचूप विकणें म्हणजे त्याच्या पिकाशीं खेळणें होय.

कोणी विचारतील, “मग हा धंदा म्हणून कोणीं करूंच नये काय?” अवश्य करावा. ज्याला तो पोटाचा धंदा करावयाचा आहे, त्यानें शिंप्यानें किंवा सुतारानें करावा तसा, हिशेब ठेवून, कर भरून, मंदीचे महिने गृहीत धरून करावा. परंतु जो हौशी आहे, त्यानें एवढें एकच पथ्य पाळावें: न आलेली कमाई आधीं खर्च करूं नये. नवें साधन घ्यावयाचें तें हातांत आलेल्या पैशांतून घ्यावें. मग ज्याचा चेहरा दाखवावयाचा त्यास विचारणें सोपें जातें, कारण तो “नको” म्हणाला तरी आपलें कांहीं अडत नाहीं. ज्याच्या श्रमांवर व्हिडिओ उभा राहिला त्यास वांटा देणेंही सोपें जातें, कारण तो वांटा हप्त्यांत अडकलेला नसतो. आणि खोट्या स्तुतीस “नाहीं” म्हणणें तर सर्वांत सोपें जातें.

त्या मुलानें तो व्हिडिओ काढून टाकला. भारी मोबाइल तोट्यानें विकला, आणि राहिलेल्या कर्जासाठीं पुढच्या हंगामांत स्वतः फडांत उतरला. तेथें त्यानें त्याच बाईस, या खेपेला आधीं, विचारलें, “मावशे, तुमचा व्हिडिओ काढूं का?” ती जरा वेळ गप्प राहिली व म्हणाली, “काढ. पन माझं रडनं नगं दावूस. मोळी कशी बांधतेत ते दाव.”

तो व्हिडिओ फार लोकांनीं पाहिला नाहीं. परंतु त्या बाईनें तो आपल्या माहेरीं दाखविला.