बांधणीतली पहिली साखळी

भीमराव उरणच्या बाजूला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनर उचलायचा, चारही कोपऱ्यांची ट्विस्ट लॉक फिरवायची आणि निघायचं. काम रात्री-अपरात्रीचं, पण हाताला ओझं नाही. पुढे मालकाने उघडे, सपाट ट्रेलर घेतले आणि डोलवीच्या पोलाद कारखान्यातून चाकणला कॉइल पोचवायचं काम धरलं. या कामाला भत्ता जास्त होता. मुलगी बारावीत होती, तिच्या पुढच्या शिक्षणाची सोय करायची होती. भीमरावने स्वतःहून नाव दिलं.

गाडी हाकणं त्याला नवीन नव्हतं. नवीन होतं ते गाडी हलायच्या आधीचं काम. पोलादी पत्र्याची एकेक कॉइल २०-२५ टनांची. ती लोळू नये म्हणून पुढून-मागून लाकडी ठोकळे ठोकायचे. मग दहा-बारा किलोंची एकेक साखळी तिच्या पोकळीतून ओवायची, ट्रेलरच्या कडेला अडकवायची आणि रॅचेटने ताणायची. काही साखळ्या पुढे ओढणाऱ्या, काही मागे. कारण ब्रेक लागला की कॉइल पुढे जाऊ पाहते आणि घाट चढताना मागे. शेवटी सगळ्यावर ताडपत्री. पत्रा भिजला की गंजतो, आणि डाग पडलेला माल कारखाना परत पाठवतो. कोरडी ताडपत्रीच चाळीस-पन्नास किलोंची. पावसात भिजली की दोघांनाही आवरत नाही.

भीमराव तरुणपणी तालमीत घुमलेला गडी. त्याने ताडपत्री खांद्यावर टाकली, वर चढला, एकट्याने पसरली आणि धाडकन खाली उडी मारली. बघणारे म्हणाले, "पहिलवान आहे राव!" त्याला बरं वाटलं.

त्याच मालकाची दुसरी गाडी अण्णा चालवायचे. साठीकडे झुकलेले, अंगाने किडकिडीत, पण याच कामात मुरलेले. त्यांचं सगळं सावकाश. गाडीतून उतरले की आधी पाच मिनिटं गाडीभोवती फिरायचे. तासन्‌तास बसून कंबर आखडलेली असते, उतरल्या उतरल्या ओझ्याला हात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. ताडपत्रीची घडी ते क्रेनवाल्याकडून कॉइलवर ठेवून घ्यायचे आणि वरून फक्त उलगडायचे. वारा असला तर मागच्या गाडीवाल्याला हाक मारायचे, "दोन मिनिटं टोक धर बाबा." उतरताना तोंड गाडीकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. खोपोली आली की घाटाच्या अलीकडे थांबायचे आणि एकेक साखळी हाताने चाचपायचे. धक्क्यांनी ओझं बसतं, ठोकळे दबतात, साखळी सैल पडते. रॅचेटचे दोन-तीन दात तरी पुढे सरकायचेच. अमेरिकेत तर तसा नियमच आहे: निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत, चालकाने थांबून बांधणी तपासायची. अण्णांना तो नियम ठाऊक नव्हता, पण कामाने त्यांना तेच शिकवलं होतं.

भीमराव हॉर्न वाजवत त्यांच्या शेजारून पुढे निघून जायचा. म्हाताऱ्याला झेपत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं.

पावसाळा लागला. ओली ताडपत्री, निसरडा लोखंडी पाटा, रोजच्या उड्या. भीमरावच्या कंबरेत सकाळी कळ येऊ लागली, मग ती डाव्या पायात उतरू लागली. त्याने कुणालाच सांगितलं नाही. पहिलवानाची कंबर दुखते, हे बोलायचं कसं? शिवाय आजारी पडलं तर भत्ता बुडणार. एक गोळी घ्यायची आणि निघायचं.

अशाच एका सकाळी डोलवीला मागची साखळी ताणायला तो वाकला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नेहमीपेक्षा कमी ताण देऊनच तो सरळ झाला. मनाशी म्हणाला, "एवढं बस झालं." पेण ओलांडलं, तरी खाली उतरून बघावंसं वाटेना, उतरलं की पुन्हा चढायचं होतं.

अण्णांची गाडी मागेच होती. खोपोलीच्या अलीकडे त्यांना भीमरावच्या गाडीची मागची साखळी झुलताना दिसली. त्यांनी दिवे मारले, पुढे गाडी काढली आणि भीमरावला कडेला घ्यायला लावलं.

दोघे मागे गेले. साखळी हाताने हलत होती. एक ठोकळा जागचा सरकला होता. समोर बोरघाटाची चढण होती, आणि त्यांच्या मागून शाळेची एक बस येऊन पुढे निघून गेली.

भीमराव मट्‌कन खाली बसला. "अण्णा, वाकताच येत नव्हतं मला."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल."

अण्णा रागावले नाहीत. आधी ठोकळा ठोकून पक्का केला, साखळ्या ताणल्या, मग त्याच्याजवळ येऊन बसले. "भीमा, तालमीत वस्तादाने जोर मारायला शिकवलं, तसं मालिश आणि झोपही शिकवली असेल ना? कुस्ती झाल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखत असताना आखाड्यात उतरू द्यायचे का तुला?"

"नाही."

"मग इथं कोण सोडतंय तुला रोज आखाड्यात? तुझा तूच ना? या बांधणीतली पहिली साखळी लोखंडाची नाही. बांधणाऱ्याचं अंग हीच पहिली साखळी. ती सैल झाली की बाकीच्या आपोआप सैल पडतात."

त्या दिवशी भीमरावने मालकाला फोन करून खरं सांगितलं. डॉक्टरांनी मणक्यातली चकती दबल्याचं निदान केलं आणि काही आठवडे विश्रांती दिली. भत्ता बुडाला, थोडी उसनवारी करावी लागली; पण कंबर सावरली. परतल्यावर त्याने जोडीला क्लीनर मागून घेतला, क्रेनवाल्याला विनंती करायला शिकला आणि वजन कंबरेने न उचलता गुडघ्यात वाकून, पायांच्या जोरावर उचलू लागला. आता घाटाखाली दोन गाड्या थांबतात.

तात्पर्य: अंगमेहनतीवर जगणाऱ्या माणसाला आपल्याकडे सोसण्याबद्दल शाबासकी मिळते, म्हणून तो दुखणं लपवतो. पण दुखरं शरीर आधी वाकायचं टाळतं, मग तपासायचं टाळतं, आणि त्या टाळण्याची किंमत रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाला मोजावी लागू शकते. म्हणून बळ पुरवून वापरावं, वेळेवर मदत मागावी आणि दुखलं तर सांगावं. यात कमीपणा नाही. आपल्या भरवशावर असलेल्यांशी इमान राखायची ती रीत आहे.