न्याय कोणत्या गावचा?

मागल्या महिन्यात कीर्तन आटोपल्यावर एका तरुणाने आम्हांस विचारले, "बुवा, सामाजिक न्याय म्हणतात तो सगळ्या देशांत एकच असतो का हो?" आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रश्न पाठ सोडीना.

ज्या देशाला जिथे दुखले, तिथेच त्याने न्याय शोधला, असे आम्हांस दिसते. इंग्लंडात डॉक्टरची फी गरिबाला जड जाई. तिथे १९४८ साली सरकारने करांच्या पैशातून दवाखाने सर्वांना खुले केले. अमेरिकेचे दुखणे निराळे. काळ्या माणसाच्या खिशात पैसा असला तरी दक्षिणेकडे बसमध्ये त्याची जागा मागे. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरी रोझा पार्क्स बाईंनी गोऱ्या उतारूसाठी उठायचे नाकारले. त्यांना अटक झाली, आणि तिथल्या काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसमध्ये पाय ठेवला नाही. कित्येक जण रोज पायी चालले! पायी चालण्यात काय बळ असते, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आम्हांस अधिक बोचते. वर्णभेदी राज्य गेल्यावर १९९६ पासून आर्चबिशप टुटू यांच्या आयोगापुढे सुनावण्या झाल्या. राजकीय अपराधाची पुरती कबुली देईल त्याला माफी मिळू शके. खुनी सुटला तर तो न्याय कसला, असे मेलेल्यांच्या घरचे म्हणाले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण चारचौघांत कबुली तरी झाली.

आणि आम्ही? 'वारीत भेद नाही' असे अभिमानाने सांगतो. अहो, भेद नव्हता तर १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण कशाला करावे लागले? वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायचे अन् चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना महाद्वाराबाहेर थांबवायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. पुढे दार उघडले, घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यताही बंद झाली. पण 'आमच्याकडून चुकले' असे आम्ही स्वतः एकाही कीर्तनात म्हटलेले नाही.

तो तरुण जाता जाता बोलला होता, त्याचे पणजोबा दर आषाढीला जात आणि चोखोबांच्या समाधीला डोके टेकून तिथूनच परत फिरत. त्या गावी आमचे कीर्तन पुन्हा कार्तिकात आहे. आधी त्याच्या घरी जाणार आहोत.