प्रतिनिधी आणि यजमान

घरातील संगणकावर साठवलेला चित्रपट त्याच घरातल्या टीव्हीवर किंवा दुसऱ्या गावातल्या मोबाइलवर पाहण्याची सोय करून देणाऱ्या प्लेक्स, जेलीफिन यांसारख्या सर्व्हर-प्रणाली वापरात असतात, तेव्हा प्रेक्षकापुढे येणारे चित्र पुष्कळदा साठवलेल्या फायलीतले नसते. पाहणाऱ्या उपकरणाला मूळ फायलीचा कोडेक, म्हणजे चित्र आकड्यांत बांधण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत, कळत नसेल, घरातून बाहेर जाणाऱ्या इंटरनेट जोडणीचा वेग अपुरा असेल, किंवा चित्ररूपात साठवलेली उपशीर्षके चौकटीवरच उमटवायची असतील, तर सर्व्हर मूळ फाइल उलगडतो, तिची एकेक चौकट नव्याने बांधतो आणि ही नवी बांधणी पुढे पाठवतो. या क्रियेला ट्रान्सकोडिंग म्हणतात. दर सेकंदाच्या चित्रासाठी किती बिट खर्चायचे, म्हणजेच बिटरेट किती ठेवायचा, हे वापरणाऱ्याने सांगितले नाही तर प्रणालीने आधीच ठरवून ठेवलेला आकडा लागू होतो, आणि त्या आकड्याला डीफॉल्ट म्हणतात. एका वस्तूच्या जागी दुसरी आली तरी मूळ कृत्य घडले असे केव्हा म्हणावे आणि ही अदलाबदल ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे दोन प्रश्न या व्यवहारात गुंतलेले आहेत, आणि त्यांचा जितका काटेकोर विचार पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाने, केला तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद प्रतिनिधीच्या, म्हणजे सांगितलेल्या वस्तूऐवजी घ्यायच्या दुसऱ्या वस्तूच्या, प्रश्नाला वाहिलेला आहे. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे पिकवलेला भात, सांगितला आहे आणि तो मिळत नाही, तर यज्ञ सोडून द्यावा की नीवार, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात, घेऊन तो पार पाडावा, असा तेथील प्रश्न आहे. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका नावाची वनस्पती घ्यावी, हे दुसरे प्रसिद्ध उदाहरण आहे. मीमांसकांचा निर्णय असा की द्रव्याला प्रतिनिधी चालतो, मात्र तो मुळाशी अधिकात अधिक साम्य असलेला हवा, आणि जे द्रव्य यज्ञाला निषिद्ध ठरवले आहे ते दिसायला कितीही जवळचे असले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. व्रीहीचे जेवढे अवयव नीवारात सापडतात तेवढ्यांपुरता तो यज्ञ व्रीहीचाच राहतो, हा या निर्णयामागचा विचार आहे, आणि ट्रान्सकोडिंगला तो जसाच्या तसा लागू पडतो.

याचे कारण असे की डिजिटल चित्रात निर्भेळ मूळ असे प्रेक्षकाच्या हाती कधी येतच नाही. १९२० गुणिले १०८० बिंदूंची चौकट, प्रत्येक बिंदूला २४ बिट आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर न दाबलेल्या चित्राला सेकंदाला सुमारे ११९ कोटी बिट लागतात, तर ब्लू-रे चकतीवर चित्रासाठी अधिकात अधिक ४ कोटी बिटांचीच मुभा असते. म्हणजे ज्याला घरोघरी मूळ दर्जा म्हटले जाते तोही आधीच एक प्रतिनिधी असतो. प्लेक्सच्या अनेक ॲपमध्ये घराबाहेरून पाहताना दीर्घकाळ लागू असलेले डीफॉल्ट सेकंदाला २० लाख बिट आणि ७२० ओळींचे होते, आणि पहिल्या आकड्याशी ताडून पाहिले तर ते सुमारे सहाशेव्या हिश्शाइतके भरते. हा काटकसरीचा मार्ग अंदाधुंद नसतो. मानवी डोळा उजेड-अंधाराचे भेद जितके बारीक टिपतो तितके रंगाचे टिपत नाही, म्हणून रंगाची माहिती आधी विरळ केली जाते. मग चौकटीचे छोटे चौकोन पाडून त्यांतील सूक्ष्म चढउतार ढोबळ आकड्यांत बसवले जातात. आणि मागच्या चौकटीत जे होते तेच पुढच्यातही असेल तर ते पुन्हा न पाठवता केवळ तसा निर्देश केला जातो.

हे सारे नेमके कोठे उणे पडते ते सत्यजित राय यांच्या १९५५च्या ‘पथेर पांचाली’तील काशफुलांच्या माळावर उत्तम दिसते. वाऱ्याने हलणारा प्रत्येक तुरा प्रत्येक चौकटीत जागा बदलतो, त्यामुळे मागच्या चौकटीकडे निर्देश करून भागत नाही, आणि बिट अपुरे पडले की तुऱ्यांचा मऊ पांढरा थर चौकोनी डागांत मोडतो किंवा एकसारखा सारवल्यासारखा होतो. फिल्मवरचा कणीदार पोतही आधीच गेलेला असतो, कारण तो दर चौकटीला वेगळा असल्याने सांकेतिक बांधणीला तो सर्वांत महाग पडतो. दुर्गा आणि अपू धावत आहेत, दूर आगगाडी जात आहे, हे सारे कळते. कथा शाबूत राहते. तरीही ज्या माळासाठी हे दृश्य तेथे घेतले गेले तो माळच अर्धा हरवलेला असतो. नीवाराने यज्ञ होतो हे खरे, पण तो नीवाराने झाला हे यजमानाला, म्हणजे यज्ञ करणाऱ्याला, ठाऊक असते, आणि येथे हा फरक निर्णायक आहे. हाच जुन्या घाटाचा, जवळजवळ चौकोनी चित्रपट रुंद पडदा भरावा म्हणून आडवा ताणून दाखवला, तर मात्र तो उणा प्रतिनिधी राहत नाही. ते निषिद्ध द्रव्यच होय, मग बिट कितीही ओतलेले असोत.

मीमांसकांचा आणखी एक नियम प्रथमदर्शनी किरकोळ वाटतो, पण तो फार खोल आहे. सोमाऐवजी घेतलेली पूतिकाही नष्ट झाली, तर पुढचे द्रव्य पूतिकेशी मिळतेजुळते शोधू नये, सोमाशी मिळतेजुळते शोधावे, असा तो नियम. ट्रान्सकोड केलेली प्रत पुन्हा ट्रान्सकोड केली की पहिल्या वेळचे दोष दुसऱ्या वेळी चित्राचाच भाग समजून जपले जातात आणि त्यांवर नवे दोष चढतात, म्हणून जाणकार मूळ फाइल कधी पुसत नाहीत आणि प्रत्येक नवी प्रत तिच्यापासूनच काढतात. ‘पथेर पांचाली’ जिचा भाग आहे त्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या, आणि पुढे त्रयी पुन्हा उभी करताना जो भाग त्यांतून मिळाला तो त्यांतूनच घेतला गेला, उरलेल्यासाठी अन्य संस्थांकडील मुळाला जवळच्या अशा प्रती शोधल्या गेल्या. या कामात वापरला गेलेला विवेक हाच आहे.

त्याच पादाच्या आरंभी नित्य आणि काम्य कर्मांतील भेदही येतो. नित्य कर्म, जे रोज करायचेच असते, ते एखादे अंग राहिले तरी यथाशक्ती केल्याने पार पडते. काम्य कर्म, जे विशिष्ट फळाच्या इच्छेने मुद्दाम हाती घेतलेले असते, त्याची सर्व अंगे पूर्ण हवीत, नाहीतर ते हाती न घेणेच बरे. स्वयंपाक करता करता कानावर पडणारी मालिका, लोकलच्या गर्दीत मोबाइलवर पाहिलेला विनोदी कार्यक्रम हे नित्याच्या कोटीतले आहे आणि तेथे २० लाख बिट पुरेसे आहेत, किंबहुना अधिक खर्चणे हा अपव्यय आहे. मात्र एखादी कृती तिच्यासाठीच वेळ काढून पाहायला बसलेल्या माणसाला तोच आकडा न विचारता लागू करणे ही चूक आहे, कारण नित्य कोणते आणि काम्य कोणते हे पाहणाऱ्याच्या हेतूवर ठरते आणि तो हेतू सर्व्हरला कळण्याचा मार्ग नाही.

येथे या पादातील सर्वांत कठोर नियम पुढे येतो. द्रव्याला प्रतिनिधी आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना तो नाही, आणि स्वामीला, म्हणजे ज्याच्यासाठी यज्ञ आहे त्या यजमानालाही नाही, कारण फळ ज्याला मिळायचे त्याच्या जागी दुसरा उभा राहिला तर ते कर्म त्याचे उरतच नाही. डीफॉल्ट चित्राच्या जागी दुसरे चित्र ठेवते एवढ्यावर आक्षेप घेण्याजोगे काही नाही. ते निवडणाऱ्याच्या जागी दुसरा निवडणारा बसवते आणि तसे सांगत नाही, हा खरा आक्षेप आहे. मीमांसक कुमारिलभट्टांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान मुळातच प्रमाण मानले जाते आणि त्याच्या कारणातला दोष उघड होईपर्यंत किंवा त्याला बाधणारे दुसरे ज्ञान येईपर्यंत त्यावर शंका घेतली जात नाही. पडद्यावर जे दिसते तोच चित्रपट, हा प्रेक्षकाचा विश्वास याच स्वरूपाचा आणि रास्त आहे. म्हणूनच दोष कारणात असल्याचे सांगण्याची जबाबदारी त्या कारणाच्या कर्त्यावर येते.

यावर असे म्हणता येईल की प्रत्येकाला कोडेक आणि बिटरेट शिकायला लावणे अन्यायाचे आहे आणि डीफॉल्ट नसेल तर सामान्य माणसाच्या पडद्यावर चित्र अडखळत राहील. आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर यज्ञसंस्थेतच आहे. यजमानाला सारे मंत्र यावे लागत नाहीत. ऋत्विज, म्हणजे दक्षिणा घेऊन कर्म करणारे पुरोहित, ते म्हणतात, पण संकल्प यजमानाचाच असतो. अशी उघडपणे केलेली अदलाबदल घडलेलीही आहे. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीमुळे इंटरनेटवर ताण आला तेव्हा भारतातील मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवर ४८० ओळींहून वरचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत न देण्याचे एकत्रितपणे जाहीर केले होते. दर्जा उतरला, पण कारण, मर्यादा आणि मुदत या तिन्ही गोष्टी प्रेक्षकाला ठाऊक होत्या, त्यामुळे तो प्रतिनिधी धर्म्य होता असे निःसंकोच म्हणता येते.

घरगुती सर्व्हरवर ऋत्विजाचे स्थान बहुधा कुटुंबातल्याच कोणाकडे असते: परदेशी असलेला मुलगा सर्व्हर सांभाळतो आणि पुण्यात किंवा नाशिकला आईवडील त्यावरून चित्रपट व लग्नकार्यांची चित्रणे पाहतात. अशा प्रत्येकाने मूळ फायली राखून ठेवाव्यात, आपल्या सर्व्हरवरून घराबाहेर कोणता बिटरेट जातो ते एकदा तपासावे, आणि पाहणाऱ्यांना मूळ दर्जाचा पर्याय कोठे आहे ते प्रत्यक्ष दाखवून त्यांनाच विचारावे की कोणती गोष्ट कशी पाहायची आहे.