गर्दीतला मी

पाठीवर पिशव्या टाकून मी व माझा मित्र थायलंडच्या फी फी बेटांवर गेलो, तेव्हा माया बे हा किनारा पाहायचाच, असे ठरले होते. २००० साली एका हॉलिवूड चित्रपटाने तो जगप्रसिद्ध केला. पुढे दिवसाला हजारो माणसे येऊ लागली, होड्यांच्या नांगरांनी प्रवाळ मोडले आणि जून २०१८ मध्ये सरकारने किनाराच बंद केला. माणसे गेली आणि शार्क (आपली मुशी!) उथळ पाण्यात परतले. जानेवारी २०२२ मध्ये तो पुन्हा उघडला. आता होड्या बेटाच्या मागच्या बाजूस लागतात.

तिकीट काढताना मित्र थबकला. "आपण न गेलेलेच बरे," तो म्हणाला. मी चिडलो. आम्हा दोघांच्या न जाण्याने काय थांबणार होते? एका माणसाच्या पावलाने किती बिघडते, हे कोणालाच मोजता येत नाही; म्हणून काहीच बिघडत नाही, असे मी सोयीने धरून चाललो. तो सामान राखत मागे बसला.

किनारा अप्रतिमच होता. "केवढी ही गर्दी!" असे मी तेथे पुटपुटलो. त्या गर्दीत मी स्वतःला मोजलेच नव्हते, हे परतीच्या होडीत ध्यानी आले. निर्मिती डोळे भरून पाहण्याची ओढ पाप नव्हे, असे मी आजही मानतो. परंतु "कसा होता?" असे मित्राने साधेपणाने विचारले, तेव्हा मला काही सांगवेना.