दारावरचा पोप

बोलोन्याच्या मुख्य चौकात, म्हणजे पियात्झा माज्जोरेत, संध्याकाळी निम्मं गाव सान पेत्रोनिओ चर्चच्या पायऱ्यांवर येऊन बसतं. ऑफिसच्या कामासाठी मी चार दिवस तिथे होतो, त्यामुळे मीही बसायचो. हे चर्च १३९० साली बांधायला घेतलं आणि त्याचा दर्शनी भाग अजूनही अर्धाच आहे. खाली गुलाबी-पांढरा संगमरवर आणि वर नुसत्या उघड्या विटा. प्लास्टर करायचं राहून गेलेल्या घरासारखं दिसतं ते. पण माझं लक्ष त्या विटांवर नव्हतं. मधल्या दरवाज्याच्या वर एकेकाळी मायकेलँजेलोने केलेला एक पुतळा होता, एवढं मी फोनवर नुकतंच वाचलं होतं, आणि तो आता नाही याचा मला खरोखर राग आला होता.

झालं असं. १५०६ साली पोप ज्युलियस दुसरा सैन्य घेऊन आला आणि त्याने बोलोन्या ताब्यात घेतलं. शहरावर राज्य करणारं बेंतिवोल्यो घराणं पळून गेलं. मग पोपने मायकेलँजेलोला बोलावून स्वतःचा ब्राँझचा बसलेला पुतळा करायला सांगितलं. आकार माणसाच्या जवळपास तिप्पट. मायकेलँजेलो तेव्हा तिशीतला, म्हणजे माझ्याहून थोडासाच मोठा. त्याची त्या काळातली घरी लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. एका खोलीत चौघं एकाच पलंगावर झोपतोय, अशी तक्रार त्यात आहे. पहिलं ओतकाम फसलं. धातू नीट वितळला नव्हता, पुतळा कमरेपर्यंतच भरला आणि उरलेलं ब्राँझ भट्टीतच राहिलं. साचा उघडून बघतानाचं त्याचं तोंड कसं झालं असेल, हे रात्री अडीच वाजता कोलमडलेलं सॉफ्टवेअर सावरणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. शेवटी फेब्रुवारी १५०८ मध्ये पुतळा दारावर चढला. त्याच वर्षी मायकेलँजेलो सिस्टिन चॅपेलच्या छताकडे वळला.

डिसेंबर १५११ मध्ये, जेमतेम चार वर्षांनी, पुतळा दोर लावून खाली पाडण्यात आला. बेंतिवोल्यो परत आले होते आणि पोपचं राज्य गेलं होतं. ब्राँझ मिळालं पोपचा शत्रू असलेल्या फेराराच्या ड्यूकला, आल्फोन्सो देस्तेला. त्याला तोफांचा भारी नाद. त्याने त्यातून एक तोफ ओतली आणि पोपच्या नावावरून तिचं नाव ठेवलं ‘ला ज्युलिया’. मायकेलँजेलोचंच असं निर्विवाद म्हणता येईल असं एकही ब्राँझ आज जगात शिल्लक नाही.

माझ्या टीममध्ये एकजण मूळचा बोलोन्याचा आहे. तो कॉफी घेऊन आला तेव्हा मी हे सगळं त्याला तावातावाने ऐकवलं. एवढा मोठा कलाकार, आणि तुमच्या लोकांनी त्याची तोफ केली? तो हसला आणि म्हणाला, “तो हात तुझ्यावर उगारलेला नव्हता ना.”

हा हाताचा किस्सा मायकेलँजेलोच्या चरित्रकाराने, कोंदिवीने, लिहून ठेवला आहे. मातीचं प्रारूप बघताना पोपने विचारलं, हा उजवा हात आशीर्वाद देतोय की शाप? मायकेलँजेलोने सांगितलं, लोक शहाण्यासारखे वागले नाहीत तर काय होईल, याची तो त्यांना समज देतोय. म्हणजे पुतळा धमकी होता, आणि हे पोपलाही माहीत होतं आणि कलाकारालाही. तो कुठे लावला? शहराने आपल्या पैशाने, आपल्या हौसेने बांधायला घेतलेल्या चर्चच्या दारावर. रोज त्याच्याखालून आत जायचं.

इथे माझी पंचाईत झाली. कला राजकारणाच्या पलीकडची असते, पुतळा कुणाचा यापेक्षा तो कसा केलाय ते बघावं, असं मी सहज म्हणत आलोय. पण हे कोण म्हणू शकतं? ज्याला त्या पुतळ्याची भीती कधी वाटलेली नाही तो. पाचशे वर्षांनी, दुसऱ्या खंडातून, परतीचं तिकीट खिशात ठेवून आलेला माणूस. माझा निःपक्षपातीपणा मला फुकट मिळालेला आहे, तो काही मी विचार करून कमावलेला नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ठीक आहे, लोकांना जे छळतं ते लोकांनी पाडावं. पण हेही फार वेळ टिकलं नाही. पुतळ्याच्या आधी, १५०७ साली, याच शहरातल्या जमावाने बेंतिवोल्योंचा महाल जमीनदोस्त केला होता. आत फ्रांचा आणि कोस्ता यांच्यासारख्या चित्रकारांची भित्तिचित्रं होती, ती गेली. तेव्हा पोपचं राज्य होतं, म्हणून बेंतिवोल्योंचं पाडलं. चार वर्षांनी बेंतिवोल्यो आले, म्हणून पोपचं. जमावाला मी न्यायाधीश मानत होतो, पण तो नेहमी हजर असलेल्या मालकाच्या बाजूनेच निकाल देतोय असं दिसायला लागलं. आणि १५१२ मध्ये पोपचं राज्य परत आलंच. पुतळा गेला, महाल गेला, हाती राहिली ती एक तोफ, तीही दुसऱ्याच्या.

त्याच चौकात, बाजूच्या पालाझ्झो दाक्कूर्सिओच्या दारावर, आणखी एक ब्राँझचा पोप आहे. हा मात्र शाबूत. ग्रेगरी तेरावा, १५८२ सालच्या सुधारणेचा कर्ता. तुमच्या फोनवर आत्ता दिसणारी तारीख त्याच्याच कॅलेंडरची. हा बोलोन्याचा स्वतःचा माणूस. १७९६ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं तेव्हा पोपचे पुतळे धोक्यात होते. बोलोन्याच्या लोकांनी युक्ती केली. पुतळ्याला बिशपची टोपी आणि हातात दंड देऊन तो शहराचा रक्षक संत पेत्रोनिओ आहे असं करून टाकलं, खाली तसं लिहूनही ठेवलं. शंभरेक वर्षं पोप संत म्हणून बसून राहिला. १८९५ मध्ये त्याला त्याचं रूप परत मिळालं.

मला ही गोष्ट इतकी आवडली की तोडगा सापडला असं वाटलं. पाडू नका, फक्त नाव बदला. पण ग्रेगरी म्हणजे तोच, ज्याने १५७२ साली फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीची बातमी आल्यावर रोममध्ये आभाराची प्रार्थना करवली आणि खास पदक काढलं. तो वाचला तो चांगला होता म्हणून नव्हे. आपला होता म्हणून त्याच्यासाठी कुणी टोपी शोधत बसलं. ज्युलियससाठी कोण शोधणार होतं?

तरी एक गोष्ट मला आता वेगळी करता येते. पुतळा दारावरून उतरवणं आणि तो वितळवणं, ही दोन कामं आहेत. पहिल्याचा हक्क खालून चालणाऱ्यांना होता असं मी मानतो, आणि त्या दिवशी तिथे असतो तर बहुधा दोर धरला असता. दुसऱ्याबद्दल माझं मन अजून तयार होत नाही. आमच्या धंद्यात डिलीट केलेली ओळसुद्धा जुन्या आवृत्तीत सापडते, ती सवय नडत असेल. ब्राँझची जुनी आवृत्ती नसते. १९४३ च्या जुलैमध्ये मुसोलिनी पडला, तेव्हा बोलोन्याच्या स्टेडियममधल्या त्याच्या अश्वारूढ पुतळ्यावरून लोकांनी स्वार ओढून काढला, घोडा तेवढा राहिला. पुढे त्याच ब्राँझमधून शिल्पकार लुचानो मिंगुझ्झीने दोन पार्टिझान घडवले, एक पुरुष, एक बाई. ते पोर्ता लामेपाशी उभे आहेत. या वितळवण्याला मी विरोध करू शकत नाही, म्हणजे माझी वर काढलेली रेघही सरळ नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी चौकाच्या कोपऱ्यावर, नेपच्यूनच्या कारंज्यासमोरच्या भिंतीपाशी गेलो. कारंजं १५६० च्या दशकातलं, जांबोलोन्याने घडवलेला तो प्रचंड उघडा देव फोटोसाठी फार सोयीचा आहे. भिंतीवर सुमारे दोन हजार पार्टिझानांचे फोटो आहेत. याच भिंतीपाशी फॅसिस्ट त्यांना गोळ्या घालायचे आणि इतरांना धडा म्हणून प्रेतं तशीच ठेवायचे. २१ एप्रिल १९४५ ला शहर मुक्त झालं तेव्हा घरच्या लोकांनी आपणहून इथे फोटो आणून लावायला सुरुवात केली. साधे फोटो. कुणी लग्नातल्या कोटात, कुणी हसताना, काही इतके पुसट की चेहरा नीट ओळखू येत नाही. बरेचसे माझ्याहून लहान. कला म्हणून यांना कुणी दोन पैसे देणार नाही. मी फोन बाहेर काढला होता, तो परत खिशात टाकला. शेजारी एक आजी पिशव्या खाली ठेवून एका फोटोकडे बघत उभ्या होत्या. मी थोडा बाजूला सरकलो.